फोकस गेला कुठं?

“हळदीचे साठ फोटो काढले मावशी, त्यातले चाळीस वाया गेले. कॅमेराच खराब आलाय.” भाच्याचा हा फोन आला तेव्हा त्याचा कॅमेरा जेमतेम तीन आठवड्यांचा होता: कॅनन १५००डी, सोबत १८-५५ची किट लेन्स. दुकानदारानं बदलून द्यायला नकार दिला होता आणि घरात त्यावरून कुरबुर चालू होती. मी त्याला म्हटलं, फोटो फोनवर पाठवू नकोस, कार्ड घेऊनच ये. फोनवर आलेला फोटो आकसून येतो, त्यात फोकसचं खरं काही कळत नाही. संध्याकाळी आम्ही दोघं लॅपटॉपसमोर बसलो आणि पहिला फोटो पूर्ण मोठा करून पाहिला. नवरीचा चेहरा मेणासारखा मऊ, डोळे पुसट. पण तिच्या पुढ्यात, डाव्या कडेला झेंडूची माळ लोंबत होती. तिची पाकळी न् पाकळी, अगदी ओवलेला दोरासुद्धा लख्ख दिसत होता.

कॅमेऱ्यानं फोकस केला होता आणि बिनचूक केला होता. माळेवर.

पहिला कॅमेरा हातात आलेल्यांचे असे फोटो मी बरीच वर्षं पाहते आहे. ‘फोकस लागत नाही’ या तीन शब्दांत चार वेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात, हे त्यातून ध्यानात आलं. कधी लेन्स नुसती पुढं-मागं घरघरत राहते आणि बटण दाबूनही फोटो निघतच नाही. कधी फोटो निघतो, पण फोकस भलतीकडेच. कधी फोकस नेमका हवा तिथं बसलेला असतो, पण हात हललेला असतो किंवा समोरचा माणूस हललेला असतो. आणि कधी खरोखरच यंत्रात दोष असतो. यातलं शेवटचं कारण माझ्या पाहण्यात सर्वांत क्वचित निघालं, पण लोकांच्या तोंडी मात्र तेच सर्वांत आधी येतं. म्हणून शोधाची सुरुवात कॅमेऱ्यापासून करू नये, बिघडलेल्या फोटोपासून करावी. तो मोठा करून पाहावा आणि एकच प्रश्न विचारावा: यात स्पष्ट असं काही आहे का, आणि असेल तर ते कुठं आहे?

काहीतरी स्पष्ट आहे, पण ते हवं ते नाही, अशी स्थिती असेल तर प्रश्न फोकस-बिंदूच्या निवडीचा. कुठंच काही स्पष्ट नाही आणि दिव्यांचे ठिपके एकाच दिशेला ओढल्यासारखे दिसतात, तर तुमचा हात हलला. मागची भिंत, खुर्च्या स्पष्ट पण नाचणाऱ्या मुलीचे हात पुसट, तर शटर कमी पडलं. फोटोची एक बाजू नेहमीच मऊ आणि दुसरी नेहमीच कडक, तर लेन्स कधीतरी पडलेली असावी. प्रत्येक दुखण्याची खूण वेगळी आहे आणि ती फोटोतच असते. शिवाय काही कॅमेऱ्यांत, काढलेला फोटो बघताना फोकस-बिंदू कुठं होता ते दाखवायची सोय मेनूत असते. ती बहुधा बंद असते. ती चालू करून घेणं हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत स्वस्त उपाय आहे.

कॅमेरा फोकस करतो म्हणजे नेमकं काय करतो, हे थोडं समजून घेतलं की पुढचं बरंच आपोआप उलगडतं. आरशाच्या कॅमेऱ्यात, म्हणजे डीएसएलआरमध्ये, लेन्समधून आलेला प्रकाश आरशावरून वर व्ह्यूफाइंडरकडे जातो. पण त्या आरशाचा मधला भाग अर्धपारदर्शक असतो. तिथून थोडा प्रकाश मागं निसटतो, मागच्या छोट्या दुसऱ्या आरशावर पडतो आणि खाली, कॅमेऱ्याच्या तळाशी बसवलेल्या फोकसच्या यंत्रणेत पोचतो. ही यंत्रणा लेन्सच्या दोन वेगळ्या कडांतून आलेल्या दोन प्रतिमा शेजारी ठेवून पाहते. त्या एकमेकींवर नीट बसल्या तर फोकस लागला. नसतील तर त्यांच्यातलं अंतर मोजून लेन्स कोणत्या दिशेला आणि किती सरकवायची ते ती एका दमात ठरवते. म्हणून व्ह्यूफाइंडरमधून फोकस चटकन लागतो.

मागच्या पडद्यावर बघून फोटो काढताना मात्र आरसा वर उचललेला असतो, म्हणजे ही तळाची यंत्रणा आंधळी झालेली असते. मग कॅमेरा मुख्य सेन्सरवरचं चित्र पाहून काम चालवतो: लेन्स थोडी पुढं नेतो, कडा अधिक ठसठशीत झाल्या का बघतो, पुढं जातो, चुकलं की मागं येतो. आपण भिंग वरखाली करत बारीक अक्षरं वाचतो, तसंच हे. फोनवर फोटो काढायची सवय झालेली मुलं नवा कॅमेराही पडद्याकडे बघूनच चालवतात आणि “फोनपेक्षा स्लो आहे” म्हणून हिरमुसतात. १५००डी किंवा निकॉन डी३५०० यांच्याबाबत ते म्हणणं खरंच आहे. सेन्सरवरच जलद फोकस करण्याची ड्युअल पिक्सेलची युक्ती कॅननने २०१३ साली ७०डीमध्ये आणली. २०१७च्या २००डीमध्ये ती आहे, १५००डीमध्ये नाही. तेव्हा या कॅमेऱ्यांवर डोळा व्ह्यूफाइंडरला लावायला शिकणं हाच उपाय. पडदा राखून ठेवावा तो न हलणाऱ्या गोष्टींसाठी.

या दोन्ही पद्धतींत एक गोष्ट समान आहे. प्राथमिक डीएसएलआरच्या फोकस-यंत्रणेला नवरी कळत नाही, डोळे कळत नाहीत, तुमच्या मनात काय आहे ते तर नाहीच. तिला कळतो तो फक्त उजेड आणि काळोख यांच्यातला फरक, म्हणजे कड. कड नसेल तर ती अडते आणि एकाहून जास्त कडा असतील तर त्यातली एक निवडते. ती कोणती निवडेल हे आपण सांगितलं नाही, तर बहुतेक वेळा सर्वांत जवळची. भाच्याची झेंडूची माळ नवरीपेक्षा दोन हात पुढं होती. चाळीसच्या चाळीस फोटोंचं कोडं त्यात सुटलं.

म्हणून या विषयावर मला एकच सल्ला द्यायची मुभा असती, तर मी म्हटलं असतं: हिरव्या चौकटीचा पूर्ण ऑटो मोड सोडा, चक्री ‘पी’वर आणा आणि नऊ बिंदूंपैकी फक्त मधला निवडा. ‘पी’मध्येही शटर आणि छिद्र कॅमेराच ठरवतो, त्यामुळे घाबरण्यासारखं काही नाही; पण फोकस कुठं करायचा हे तुमच्या हाती येतं. पूर्ण ऑटोमध्ये बिंदू निवडूच देत नाहीत. निकॉनवर हीच निवड ‘सिंगल पॉइंट’ या नावानं मेनूत मिळते. मधला बिंदू डोळ्यावर ठेवायचा, बटण अर्धं दाबायचं, आतला हिरवा ठिपका स्थिर झाला की बोट तसंच अर्धं दाबून धरून चौकट हवी तशी फिरवायची आणि मग पूर्ण दाबायचं. अर्धं दाबणं ही सवय अंगात मुरायला दोन दिवस लागतात. पण ती न शिकवता दुकानात कॅमेरा हातात ठेवला जातो, हे मला मनापासून खटकतं. दहा मिनिटं वाढवून एवढं एक दाखवलं तर नंतरच्या निम्म्या तक्रारी जन्मालाच येणार नाहीत.

मधलाच बिंदू का, याला कारण आहे. १५००डीत नऊ बिंदू आहेत, डी३५००त अकरा. पण दोन्हीकडं उभ्या आणि आडव्या अशा दोन्ही कडा ओळखणारा बिंदू एकच, मधला. बाकीचे एकाच दिशेच्या रेषांना दाद देतात. खिडकीच्या आडव्या गजांवर कडेचा बिंदू ठेवून पाहा. लागला नाही तर कॅमेरा उभा धरा, तत्काळ लागेल. दोन ओळींत उभ्या राहिलेल्या गटाचा फोटो घेताना तर मधला बिंदू हमखास दोन डोक्यांच्या फटीत पडतो आणि मागची भिंत तेवढी सुरेख येते. तिथं तो आधी पुढच्या ओळीतल्या कुणाच्या तरी चेहऱ्यावर ठेवून मग चौकट सावरावी.

आता न लागणारा फोकस. याची कारणं पुष्कळ, पण ती सगळी कड न सापडण्यापाशी येऊन मिळतात. चुना दिलेली कोरी भिंत, नक्षी नसलेली पांढरी साडी, काळाभोर अंबाडा, पावसाळ्यात लोणावळ्याला दरीतून वर येणारं धुकं: इथं यंत्रणेला धरायला काही नसतं. अशा वेळी त्याच अंतरावरची एखादी कड शोधावी, साडीचा काठ, कानातलं, झाडाचं खोड, आणि तिथं अर्धं बटण धरून परत यावं. जाळीच्या नक्षीवरही यंत्रणा गोंधळते, कारण तिथं सगळ्या कडा सारख्याच. एसटीच्या किंवा रेल्वेच्या खिडकीतून काढताना काचेवरच्या ओघळांवर फोकस बसतो. लेन्सचं तोंड काचेच्या शक्य तितकं जवळ नेलं की काच यंत्रणेच्या नजरेतून निघून जाते.

जवळ जाण्याचीही मर्यादा असते. हल्लीच्या १८-५५च्या किट लेन्सा साधारण २५ सेंटिमीटरपर्यंत जवळचं पाहू शकतात आणि ते अंतर लेन्सच्या तोंडापासून नव्हे, आतल्या सेन्सरपासून मोजायचं असतं. कॅमेऱ्याच्या डोक्यावर गोलातून रेघ गेलेली एक बारीक खूण असते, ती त्याचीच. लेन्सच्या तोंडापासून मोजलं तर वीतभरही अंतर राहत नाही, म्हणून लोकांना वाटतं अजून पुढं सरकता येईल. सप्टेंबरात कासच्या पठारावर हे दृश्य नेहमी दिसतं: सीतेच्या आसवांवर किंवा तेरड्यावर वाकलेला माणूस, घरघरणारी लेन्स आणि वैतागलेला चेहरा. तिथं हातभर मागं यावं, लेन्स ५५वर न्यावी आणि वाऱ्याची झुळूक थांबेपर्यंत धीर धरावा. जवळ जाण्याच्या नादात वाटेबाहेर पाय टाकून फुलं तुडवू नयेत, हे फोकसइतकंच महत्त्वाचं आहे.

आणि उजेड. १५००डीची फोकस-यंत्रणा ईव्ही ०पर्यंत काम करते, डी३५००ची ईव्ही -१पर्यंत. ईव्ही ० म्हणजे साधारण मेणबत्तीपासून दीड हातावर पडतो तेवढा उजेड. आकडा ऐकायला बरा वाटतो, पण हळदीच्या मांडवात, गरब्यात, देवळाच्या गाभाऱ्यात आपण त्या काठाच्या आसपासच वावरत असतो. कॅमेरा अशा वेळी मदतीचा उजेड टाकतो: निकॉनला पुढं छोटा दिवा असतो, १५००डी आपला फ्लॅश भराभर लुकलुकवतो. निकॉनचा दिवा सतत पाठलागाच्या मोडमध्ये पेटत नाही, आणि बोटानं किंवा लेन्सच्या हूडनं झाकला गेला तर पेटूनही उपयोग नाही. देवळात असा उजेड टाकणं प्रशस्त नसेल तर समईच्या ज्योतीच्या कडेवर फोकस धरता येतो. एक गैरसमजही इथंच दूर करते. छिद्राचा आकडा बदलून फोकस सोपा होत नाही. फोकस करताना लेन्स नेहमी पूर्ण उघडीच असते, छिद्र मिटतं ते फोटो निघण्याच्या क्षणी. फोकसला जास्त उजेड हवा तर मुळात जास्त उघडणारी लेन्स हवी.

कोजागरीचा चंद्र आणि दिवाळीतलं आकाशातलं दारूकाम ही दोन ठिकाणं ऑटोफोकसची नाहीतच, असं माझं मत. चंद्राच्या कडेवर मधला बिंदू ठेवून जमतं खरं. पण पडद्यावर चंद्र दहा पट मोठा करून हातानं कडं फिरवणं जास्त भरवशाचं. दारूकामासाठी दूरच्या रस्त्यावरच्या दिव्यावर फोकस घ्यावा आणि लगेच लेन्सवरची खटकी ‘एमएफ’वर सरकवावी. मग कडं तेवढं हलू द्यायचं नाही.

ही खटकी स्वतःही एक आरोपी आहे. पिशवीत घासून ती नकळत ‘एमएफ’वर सरकते आणि दुसऱ्या दिवशी कॅमेरा मेला म्हणून धावाधाव होते. निकॉनच्या एएफ-पी जातीच्या किट लेन्सवर तर खटकीच नाही, ती निवड कॅमेऱ्याच्या मेनूत लपलेली असते. त्याउलट खटकी ‘एएफ’वर असताना साध्या किट लेन्सचं पुढचं कडं जोर लावून फिरवू नये, आतल्या दातेरी चाकांना ते सोसत नाही.

हलणाऱ्या माणसांपाशी आलं की मोडचा प्रश्न उभा राहतो. कॅननवर वन शॉट आणि एआय सर्वो, निकॉनवर एएफ-एस आणि एएफ-सी. पहिला एकदा फोकस घेऊन तिथंच थांबतो, फोकस मिळाला नाही तर फोटोच काढू देत नाही. दुसरा बटण अर्धं दाबलेलं असेपर्यंत पाठलाग करत राहतो. या दोघांच्या मध्ये एआय फोकस किंवा एएफ-ए नावाचा तिसरा मोड असतो. समोरचं हलतंय की नाही ते तो स्वतः ठरवतो. अनेक नवे कॅमेरे या तिसऱ्यावरच ठेवलेले येतात आणि मला तो अजिबात आवडत नाही. डोळ्यावर फोकस धरून तुम्ही चौकट फिरवायला लागता, त्याला वाटतं समोरचाच हलला, आणि तो फोकस उचलून मागच्या भिंतीवर नेऊन ठेवतो. बसलेल्या माणसाला वन शॉट, चालत्याला सर्वो, हे आपणच ठरवावं. सर्वोमध्ये कॅनन ‘पीप’ करत नाही आणि खात्रीचा ठिपकाही लावत नाही. त्यामुळे तो चालतच नाही असा समज होतो, तो खोटा आहे.

दिवेघाटात पालखी चढताना हा फरक सर्वांत चांगला शिकता येतो. वारकरी तुमच्याकडे चालत येत असतात, मध्येच एखादी पताका आडवी जाते, फोकस क्षणभर तिच्यावर उडी मारतो. तेव्हा बटण सोडून द्यावं, पताका जाऊ द्यावी आणि पुन्हा धरावं. भिगवणला उजनीच्या पाण्यावर होडीतून नदी सुरय टिपतानाही हेच. पक्षी मोकळ्या आकाशावर असेल तर मधल्या बिंदूला तो सहज सापडतो, पण गवताच्या पार्श्वभूमीवर उतरला की फोकस गवतानं पळवलाच म्हणून समजा. त्यात डी३५०० सेकंदाला पाच फोटो घेतो आणि १५००डी तीनच. वीस झडपांतली एक जमली तर ती कमाई आहे. महागड्या कॅमेऱ्यांनी काढलेले फोटो बघून या कॅमेऱ्याला दोष देणं मला अन्यायाचं वाटतं.

आता, ज्यात फोकसचा काहीच दोष नसतो ते पुसट फोटो. किट लेन्स ५५वर असेल तर हात हलण्याचा परिणाम टाळायला निदान १/१००चं शटर लागतं. लेन्समध्ये कंप थोपवणारी यंत्रणा असते, ती तुमच्या हाताची थरथर सावरते. ढोल वाजवणाऱ्याचा हात ती थांबवू शकत नाही. विसर्जनाच्या रात्री पथकाचे फोटो हवेत तर १/२५० किंवा त्याहून जलद शटर ठेवावं आणि आयएसओ ३२००पर्यंत बिनदिक्कत चढवावा. फोटोत दाणे येतील. दाणेदार पण स्पष्ट फोटो आल्बममध्ये लावता येतो, गुळगुळीत पण पुसट फोटो नाही.

याच जातीची दुसरी फसगत पन्नासच्या लेन्सची. किट लेन्सनंतर बहुतेकजण ५० मिलिमीटर, एफ १.८ची लेन्स घेतात आणि घ्यावीच. स्वस्त आहे, चित्र देखणं येतं. पण दीड मीटरवरच्या माणसाचा फोटो १.८वर घेतला तर या कॅमेऱ्यांवर साधारण सहा सेंटिमीटर जाडीचा थरच स्पष्ट येतो. नाकाच्या शेंड्यावर फोकस बसला की कान गेले. मान किंचित वळलेली असेल तर एक डोळा धारदार, दुसरा विरघळलेला. उभा माणूस श्वास घेता घेता दोन-तीन सेंटिमीटर मागंपुढं होतच असतो. त्यात मधल्या बिंदूनं डोळा धरून चौकट जास्त फिरवली तर अंतराचा हिशेब आणखी थोडा चुकतो. छिद्र ४वर आणलं की तोच थर चौदा सेंटिमीटरच्या घरात जातो आणि बहुतेक तक्रारी मिटतात. १.८ हा आकडा लेन्सवर छापला आहे म्हणून तो दरवेळी वापरलाच पाहिजे असं नाही.

लेन्स आणि बॉडी यांचं एकमेकांशी न जुळणं हा प्रकार जुन्या बाजारात जास्त भेटतो आणि त्याची मुळं इतिहासात आहेत. आपोआप फोकस करणारा पहिला बाजारू कॅमेरा कोनिकाचा सी३५ एएफ, १९७७चा. लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांत ही सोय खऱ्या अर्थानं रुजली ती १९८५च्या मिनोल्टा ७०००पासून. त्यात फोकसची मोटर कॅमेऱ्याच्या पोटात होती आणि ती लेन्समधला स्क्रू फिरवायची. निकॉननं तीच वाट धरली. कॅननने १९८७ साली जुन्या लेन्सांवर पाणी सोडून ईओएस ही नवी व्यवस्था आणली आणि मोटर प्रत्येक लेन्समध्येच बसवली. त्या काळी अनेक कॅननवाले दुखावले; पण त्याचं फळ असं की तेव्हापासूनची कॅननची कुठलीही ईएफ लेन्स आजच्या १५००डीवर फोकस करते. निकॉननं २००६च्या डी४०पासून प्राथमिक कॅमेऱ्यांतली मोटर काढून टाकली. म्हणून कुणी स्वस्तात दिलेली ५०ची ‘डी’ जातीची लेन्स डी३५०० किंवा डी५६००वर लावली तर फोटो येतात, पण फोकस हातानंच करावा लागतो. लेन्स बिघडलेली नसते. नावात एएफ-एस असलेल्या लेन्सा या कॅमेऱ्यांवर चालतात. उलट टोकाला, नवी एएफ-पी लेन्स डी३२०० किंवा डी५१००सारख्या जुन्या बॉडीवर फोकस करूच शकत नाही. डी३३००वर चालते, पण बॉडीचं फर्मवेअर अद्ययावत केल्यावरच. वापरलेली वस्तू घेताना पैसे देण्यापूर्वी बॉडीवर लेन्स लावून, अर्धं बटण दाबून, आवाज ऐकून घ्यावा.

फिल्टरबद्दल थोडक्यात. आरशाच्या कॅमेऱ्यांना पोलरायझर ‘सर्क्युलर’च हवा, जुना ‘लिनिअर’ प्रकार अर्धपारदर्शक आरशाशी जुळत नाही आणि फोकस चुकू शकतो. अगदी स्वस्त यूव्ही काच काढून एकदा फोटो घेऊन बघावा.

आपल्याकडच्या हवेबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं. कोकणात, मुंबईत पावसाळ्याचे चार महिने लेन्सला बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू काचेवर पसरले की चित्रातला ठसठशीतपणा जातो, कडा बोथट होतात, आणि कडांवरच जगणारी फोकस-यंत्रणा चाचपडायला लागते. घरोघरी कॅमेरा ठेवायची जागा म्हणजे लोखंडी कपाट, रेशमी साड्यांच्या शेजारी, डांबरगोळ्यांच्या वासात. ही जागा बदला. डांबरगोळ्या आणि कापूर कॅमेऱ्याजवळ ठेवू नयेत. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि शक्य तर आर्द्रता दाखवणारा छोटा काटा. तो ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. अधूनमधून लेन्स बाहेर काढून वापरणं हेही औषधच. थंड खोलीतून किनाऱ्यावर गेलात तर पिशवी अर्धा तास बंदच राहू द्या, नाहीतर काचेवर दव धरतं. लेन्स आणि बॉडी जिथं जुळतात तिथल्या सोनेरी टिकल्या खाऱ्या हवेनं मळतात. मग कॅननवर ‘एरर ०१’ येतो, म्हणजे बॉडीचं आणि लेन्सचं बोलणं तुटलं. कोरड्या मऊ सुती कापडानं त्या हळूच पुसाव्यात. खोडरबरानं घासू नयेत. त्याचा चुरा नेमका आत पडतो.

एका निवृत्त शिक्षकांनी मला एकदा कॅमेरा आणून दाखवला. फोटो धारदार होते, तरी ते म्हणत होते, “मला आत सगळं धूसर दिसतं.” व्ह्यूफाइंडरच्या कडेला एक इवलं चाक असतं, चष्म्याच्या नंबरासारखं. आतले काळे चौकोन आणि आकडे स्पष्ट दिसेपर्यंत ते फिरवायचं. बाहेरच्या दृश्याकडे बघून नाही. दोन वर्षं ते धूसर चित्राकडे बघत अंदाजानं फोटो काढत होते, कारण कुणी त्यांना ते चाक दाखवलं नव्हतं. त्यांचा चेहरा उजळला तो मला अजून आठवतो.

हे सगळं तपासून झालं, तरी फोटो पुसटच, तर मगच खऱ्या बिघाडाचा संशय घ्यावा आणि तो सिद्ध करावा. त्यासाठी दिवसाउजेडी कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, लेन्स पूर्ण उघडी, दोन सेकंदांचा टायमर. समोर वर्तमानपत्राचं पान सपाट पुठ्ठ्यावर चिकटवून कॅमेऱ्याकडे सरळ तोंड करून उभं करा आणि त्याच्या शेजारी एक पट्टी तिरकी ठेवा, निम्मी पुढं, निम्मी मागं. फोकस पट्टीवर नाही, पानावर घ्यायचा. फोकस-बिंदूची खरी पोच व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणाऱ्या चौकोनापेक्षा मोठी असते. नुसत्या तिरक्या पट्टीवर फोकस घेतला तर तो तिच्या कुठल्या रेघेला पकडेल ते सांगता येत नाही आणि चांगल्या कॅमेऱ्यावरही खोटा आळ येतो. दर वेळी हात लेन्ससमोर धरून फोकस मोडा, पुन्हा लावा आणि व्ह्यूफाइंडरमधून दहा फोटो घ्या. मग तेच दहा पडद्यावरून.

पडद्यावरचे दहा स्पष्ट आणि व्ह्यूफाइंडरचे दहाही पट्टीवर एकाच बाजूला सरकलेले, तर तळाच्या यंत्रणेची जुळणी चुकली आहे. महागड्या बॉडीत ही चूक मेनूतून सुधारता येते. १५००डी किंवा डी३५००त ती सोय नाही. व्ह्यूफाइंडरचे दहा कधी पुढं, कधी मागं असे विखुरले असतील तर जुळणीचा दोष नाही. उजेड किंवा लक्ष्य अपुरं आहे, पुन्हा करून पाहा. दोन्हीकडचे खराब आले तर संशय लेन्सवर. ओळखीच्या कुणाची लेन्स तुमच्या बॉडीवर आणि तुमची लेन्स त्यांच्या बॉडीवर लावून बघितली की गुन्हेगार कोण ते पाच मिनिटांत ठरतं.

नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत फोकस मोजतो तो मुख्य सेन्सरच, त्यामुळे जुळणीचा हा घोळ मुळातूनच नाहीसा झाला. ते चेहरा ओळखतात, डोळा धरून ठेवतात. ज्यांना पहिलाच कॅमेरा घ्यायचा आहे आणि ऐपत आहे त्यांना मी आता तोच सुचवते. पण दोन माणसांपैकी कुणाचा डोळा, हे तिथंही सांगावंच लागतं. अंधार आणि कोरी भिंत त्यालाही अडवते, आणि माळ पुढ्यात लोंबत असेल व चेहरा अर्धा झाकलेला असेल तर तोही माळेकडे वळतो. आणि घराघरांत हजारो १५००डी आणि डी३५०० अजून उत्तम चालत आहेत. ते टाकून द्यायचं कारण मला दिसत नाही.

भाच्यानं पुढच्याच रविवारी मधल्या बिंदूवर पन्नास फोटो काढून आणले. त्याच्या कॅमेऱ्याला सेवा केंद्र पाहावं लागलं नाही. तुम्हाला जावं लागलं तर बॉडी आणि लेन्स दोन्ही सोबत न्या, कारण जुळणी दोघांची मिळून होते. कार्डावर चाचणीचे ते वीस फोटो न कापता, न सुधारता तसेच ठेवा आणि कागदावर लिहून द्या: कोणती लेन्स, किती अंतर, कोणता बिंदू, व्ह्यूफाइंडरमधून काय आलं, पडद्यावरून काय आलं. ‘फोकस लागत नाही’ एवढंच सांगून दिलेला कॅमेरा बहुधा पुसून, ‘ठीक आहे’ अशी चिठ्ठी लावून परत येतो.